ट्यूबलाइटखाली सगळंच दिसतं

नाफडेकाका गिऱ्हाइकाला आधी ‘काय हवंय’ असं विचारतच नसत. ते त्याच्या डोळ्यांत बघत आणि खिशातून चष्म्याच्या दुकानात असते तशी प्लॅस्टिकची छोटी पट्टी काढत. मग त्याला हिवाळी जाकिटांच्या रांगांमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन उभं करत, पाच मिनिटं तिथंच ठेवत, आणि तांबड्या काचेच्या बारक्या टॉर्चच्या उजेडात त्याच्या डोळ्याची बाहुली किती उघडते ते मोजत. सव्वासहा फूट उंचीचा, छातीपर्यंत दाढी वाढवलेला एखादा धिप्पाड माणूस जाकिटांमध्ये गुपचूप उभा आहे आणि त्याच्या खांद्यालाही न पोचणारे अकोल्याचे नाफडेकाका टाचा उंच करून त्याच्या भुवईखाली पट्टी धरताहेत, हे मी त्यांच्या गिऱ्हाइकांकडून कितीदा तरी ऐकलं आहे. मोजून झालं की निकाल लगेच. “पाच मिलिमीटर. तुमचं वय झालं साहेब. ती मोठी काच घेऊन काही उपयोग नाही. डोळ्यात मावेल तेवढाच उजेड आत जातो, बाकीचा गालावर सांडतो.” एवढं ऐकून तो माणूस महागाचा डबा परत ठेवून स्वस्तातला उचलायचा, आणि दुकानाचा मॅनेजर लांबून बघत ओठ चावायचा.

हे दुकान मिशिगनमधल्या नोव्हाय गावाच्या कडेला आहे. शिकारीचं आणि मासेमारीचं सामान मिळतं. एवढं मोठं की आत होड्यासुद्धा मांडून ठेवल्या आहेत. काका तिथं रायफलवर बसवायच्या दुर्बिणी विकत. सगळे त्यांना स्कोपच म्हणतात. त्याआधी तीस वर्षं काकांनी मोटारींचे हेडलाइट तयार करण्यात घालवली होती. रिटायर झाल्यावर लोक क्रूझवर जातात, नातवंडांना पोहायला नेतात. हे गृहस्थ वयाच्या सत्तरीत हिरवं जाकीट घालून हरणं मारणाऱ्यांच्या काउंटरमागे जाऊन उभे राहिले. आणि स्वतः असे शाकाहारी, की केक पुढे आला तरी त्यात अंडं आहे का ते विचारून घ्यायचे.

इथल्या आमच्या मराठी मंडळात यावर काय काय बोललं जाई! “शाकाहारी म्हणे, आणि हत्यारांच्या दुकानात नोकरी!” गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत काका पुढे गेले की मागे कुजबुज सुरू. बोलणारे कोण, तर हरणांनी अंगणातले ट्यूलिप खाल्ले म्हणून ‘या हरणांचं काहीतरी करायला हवं यार’ असं दर वसंतात ग्रुपवर लिहिणारे. त्यांना हरणं नको होती, फक्त ती कुणी मारली ते कळायला नको होतं. मला या लोकांचा राग तेव्हाही यायचा, आज जास्त येतो. पण दुसऱ्यांवर तोंड सोडण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. काकांची ती नोकरी गेली ती मंडळामुळे नाही. ती माझ्यामुळे गेली.

मी मूळचा पुण्याचा. इथं गाड्यांच्या ब्रेकच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. ऑफिसातल्या डेलमुळे मला शिकारीचा नाद लागला. त्याच्या वडिलांचं दीड तासावर शेत आहे, आणि दर नोव्हेंबरात त्यांच्या घरचा फ्रीझर हरणाच्या मांसानं भरतो. मी सुरक्षेचा कोर्स केला, परवाना काढला, रायफल घेतली. माझी बायको मेधा या सगळ्याच्या विरुद्ध होती, तिच्याशी वाद घालून घेतली. राहिला होता फक्त स्कोप. महिनाभर मी त्यावर वाचत होतो. आम्हा मंडळींना एखाद्या गोष्टीवर पुरेसं वाचून झालं की ती येते असंच वाटायला लागतं. ऑक्टोबरच्या शेवटी एका संध्याकाळी मी दुकानात गेलो आणि काचेमागच्या चोवीस पटीच्या, म्हणजे लांबचं चोवीसपट मोठं दाखवणाऱ्या, स्कोपकडे बोट दाखवलं.

मंडळात मी लांबूनच पाहिलेल्या, काउंटरमागच्या त्या बुटक्या म्हाताऱ्यानं माझं इंग्रजी ऐकलं आणि मान तिरकी केली. “मराठी का रे?”

“हो.”

“पुणे?”

“हो, पण तुम्ही कसं ओळखलंत?”

“नंबर पाठ करून आलास म्हणून.” मग म्हणाले, “केव्हा बसणार तू शिकारीला? सकाळी की संध्याकाळी?”

“संध्याकाळी. ऑफिस सुटल्यावर. हरणंही तेव्हाच बाहेर येतात ना, काका.”

“तेव्हाच येतात. आणि तेव्हाच हा तुझा चोवीस पट आंधळा होते.”

मी त्यांना शांतपणे सांगायचा प्रयत्न केला की इथं तर सगळं लख्ख दिसतंय. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला टांगलेल्या पाटीवरचं बारीक अक्षरसुद्धा मला त्या स्कोपातून वाचता येत होतं. काका हसले. “ट्यूबलाइटखाली सगळंच दिसतं बाप्पा. ट्यूबलाइटखाली कोणी हरीण मारते का?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, पुढे मी ते शेकडो वेळा ऐकलं. त्या दिवशी मात्र ते मला झोंबलं. आजूबाजूला गिऱ्हाइकं उभी होती. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण हसणं कळत होतं.

मग त्यांनी दोन स्कोप उचलले. एक माझा चोवीस पटीचा आणि एक साधासुधा, तीन ते नऊ पटीचा, चाळीस मिलिमीटर काचेचा. ते घेऊन मला दुकानामागच्या पार्किंग लॉटमध्ये नेलं. पलीकडे पावसाचं पाणी साठवायचं तळं, त्यामागे रान, आणि कुंपणाच्या एका खांबावर काकांनी खिळ्यांनी ठोकलेला तपकिरी पुठ्ठा. हरणाची छाती असते तेवढा. त्यावर खडूनं ओढलेल्या रेघा, रोज वेगळ्या. “किती आहेत ते सांग,” काका म्हणायचे. सूर्य बुडाला. मी आधी एकातून बघायचो, मग दुसऱ्यातून. दर पाच मिनिटांनी तोच प्रश्न. बोटं गारठली. शेवटी साध्या स्कोपातून तीन रेघा दिसत होत्या आणि चोवीस पटीतून नुसती राखाडी कालवाकालव. त्यातली निशाण धरायची बारीक फुलीसुद्धा दिसेनाशी झाली होती.

“पण पट कमी करता येते,” मी म्हणालो. “चाक फिरवलं की सहा.”

“येते ना. पण फिरवशील का? हरीण समोर उभं, छाती धडधडून राहिली, धड काही दिसत नाही. अशा वेळी माणूस चाक कुठं फिरवते? जास्तीकडे. आजवर ज्याला ज्याला इथं उभं केलं, त्यानं जास्तीकडेच फिरवलं.” आणि आत आल्यावर, सगळ्यांसमोर, त्यांनी तो डबा काचेमागे ठेवून कुलूप लावलं. “हा मी तुला विकणार नाही.”

“काका, पैसे माझे आहेत.”

“हरीण तुझं नाही.”

मी घरी आलो तो धुमसतच. जेवणाच्या टेबलाशी बसून मी दुकानाला मेल लिहिली. आमच्याकडे तक्रार लिहिताना माणसाच्या अंगात एक वेगळीच शिस्त संचारते. मुद्दा एक : विक्रेत्यानं माल विकण्यास नकार दिला. मुद्दा दोन : इतर ग्राहकांसमोर अपमानास्पद वागणूक दिली. मुद्दा तीन : पैसे न भरलेला माल दुकानाबाहेर नेला आणि ग्राहकाला चाळीस मिनिटं थंडीत उभं केलं. तिसऱ्या मुद्द्याखाली मी वेळही घातली, कुठून कुठपर्यंत. खाली पूर्ण नाव, फोन नंबर. दोनदा वाचून एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मला बरं वाटलं. तोच स्कोप मी ऑनलाइन मागवला.

नोव्हेंबरात सीझन उघडला. दुसऱ्या शनिवारी मी डेलच्या शेतात मचाणावर होतो. सूर्य बुडाल्यावर अर्धा तास कायद्यानं शिकार करता येते. त्यातली वीस मिनिटं संपली होती. मक्याच्या खुंटांच्या कडेला काहीतरी हललं. मी स्कोपला डोळा लावला आणि आत नुसता करडा रंग. मी चाक फिरवलं. जास्तीकडेच फिरवलं. करडा रंग आणखी गडद झाला, फुली त्यात विरघळली, आणि खांदा असेल असं वाटलं तिथं मी गोळी झाडली. हरीण वाकलं आणि एक मागचा पाय लोंबकळवत दलदलीकडे पळालं. तो पाय मात्र मला नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसला. आम्ही तासभर बॅटरी घेऊन शोधलं. मग डेल म्हणाला, पहिल्या वर्षी होतं असं, उद्या चर्चहून आल्यावर बघू. मी गाडी काढून घरी आलो. मेधाला काहीच मिळालं नाही असं सांगितलं.

रविवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा मी दारात होतो. का गेलो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. ज्याला सांगितल्यावर तो मला ‘होतं असं’ म्हणणार नाही, असा तो एकच माणूस माझ्या ओळखीचा होता. वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस. काउंटरसमोर सातआठ माणसं. काकांनी त्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं.

“मारलंस?”

“लागली. सापडलं नाही.”

“कुठं लागली?”

“मागच्या पायाला.”

“किती वेळ शोधलंस?”

“तासभर.”

“मग?”

“मग घरी आलो.”

काकांनी हिरवं जाकीट काढलं, घडी घातली आणि काउंटरवर ठेवलं. मॅनेजर क्रेग धावत आला. तिशीतला मुलगा, कमरेला वॉकीटॉकी, सतत हसरा. काका त्याला म्हणाले, एक जखमी हरीण आहे, मी निघालो. क्रेगचं हसू पहिल्यांदाच मावळलं. “आज? पुरुषोत्तम, आजच्या दिवशी?” काका म्हणाले, “ते दलदलीत पडलंय, त्याला आपला सीझन ठाऊक नाही.” आणि गर्दीतून वाट काढत बाहेर पडले.

माझ्या गाडीत बसताच त्यांनी पट्टा लावला. मग आपणच बोलायला लागले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मागच्या अंगणात एक हरीण येऊन बसलं होतं. कुणाच्या तरी गोळीनं त्याचा खालचा जबडा उडाला होता. काकूंनी परातीत पाणी ठेवलं, पण त्याला पिता येईना. दोन दिवस हे दोघं सगळीकडे फोन करत होते, तिसऱ्या दिवशी सरकारी माणूस आला आणि त्यानं त्याला सोडवलं. “आयुष्यभर दिवे केले रे मी,” काका म्हणाले. “काहून? रस्त्यात हरीण असलं तर माणसाला दिसावं म्हणून. आणि हा कोण गाढव, दिसत नसून मारते! मी काही शिकार बंद नाही करू शकत. पण न दिसता मारणाऱ्याला काउंटरवर तर अडवू शकतो.” त्यानंतर महिन्याभरात त्यांनी दुकानात अर्ज केला होता. एवढ्या वर्षांत मंडळातल्या एकानंही त्यांना ‘तुम्ही तिथं का जाता’ असं तोंडावर विचारलं नव्हतं. मीही नाहीच.

डेलनं त्यांना नारिंगी जाकीट आणि वडिलांचे गमबूट दिले. दोन्ही मोठे. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस पाणकणसांमधून तीन तास वाकून चालला. पाऊल रुतलं की बूट मागे राहायचा, तो ओढून काढायचा, पुन्हा पुढे. आम्हा दोघांना काही सापडेना. वाळलेल्या पात्यावर रक्ताचा वाळलेला ठिपका त्यांनाच दिसला. तिथून वीस पावलांवर हरीण पडलं होतं. मादी होती. जिवंत होती. आम्हाला पाहून तिनं मान उचलली, उठायचा प्रयत्न केला, आणि ते जमलं नाही. डेलनं रायफल घेतली. मी नजर वळवली, तर काकांनी माझा दंड धरला.

“मान फिरवू नको. काल दिसलं नव्हतं ना? आता पाहा.”

मी पाहिलं. डेलची एकच गोळी पुरली.

सोमवारी त्यांना काढलं. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते गॅरेजमध्ये उभे होते. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. कारणं दोन. ऐन गर्दीत काउंटर सोडून गेले. आणि ग्राहकाच्या लेखी तक्रारीनंतर ताकीद मिळूनही पैसे न भरलेला माल बाहेर नेत राहिले. मागे माझी मेल टाचलेली. तिन्ही मुद्दे, वेळेसकट, खाली माझं नाव. दोन्ही कारणं मीच होतो.

“तुम्हाला कधी कळलं?” मी विचारलं.

“झाले पंधरावीस दिवस. क्रेगनं सही घेतली. मी ‘वाचलं’ असं लिहून सही केली. ‘मान्य’ असं नाही लिहिलं.”

“म्हणजे काल तुम्हाला ठाऊक होतं? तरी आलात?”

“तुझी तक्रार कागदावर होती. ती काही मरून नव्हती राहिली. हरीण मरून राहिलं होतं.” मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. “काकूला आताच सांगू नको. तिला राग आला की तो फार दिवस पुरतो. आणि तुला आता दर रविवारी इथं जेवायला यायचं आहे.” आयुष्यात त्यांनी कुणाला काही लपवायला सांगितलं असेल, तर ते एवढंच.

मी घरी जाऊन दुकानाला दुसरी मेल लिहिली. आधीची तक्रार गैरसमजातून झाली होती, श्री. नाफडे यांनी मला दुकानाबाहेर नेलंच नव्हतं, मी रागाच्या भरात तसं लिहिलं. आपण काहीतरी मोठं करतो आहोत असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी ती काकांना वाचून दाखवली. त्यांचा चेहरा असा लाल झालेला मी कधी पाहिला नव्हता.

“खोटं लिहिलंस?”

“तुमच्यासाठी लिहिलं, काका.”

“माझ्यासाठी काहून? मी नेलं होतं तुला बाहेर. चाळीस मिनिटं उभं केलं होतं. त्या अख्ख्या पत्रात तेवढी एकच गोष्ट कामाची होती, आणि तीच तू खोटी पाडलीस? म्हणजे मीही तुला ट्यूबलाइटखालीच दाखवला म्हणायचा स्कोप?” त्यांनी माझ्यासमोर कागद सरकवला. “आता लिही. नेलं होतं म्हणून लिही. नेलं ते बरोबर केलं म्हणून लिही. आणि मी ऐकलं नाही म्हणून काय झालं, तेही लिही.”

ते मी लिहिलं, आणि नुसतं न पाठवता स्वतः घेऊन क्रेगकडे गेलो. त्यानं पूर्ण वाचलं, मान हलवली. काकांसारखा माणूस शोधून मिळणार नाही, ते आमच्या कुटुंबातले होते, त्यांची उणीव भासेल, पण पॉलिसी ती पॉलिसी आणि फाइल बंद झाली आहे, असं सगळं गोड आवाजात बोलला. मी विचारलं, आता कुणी संध्याकाळी स्कोप बाहेर नेऊन बघायचा म्हटलं तर? तो म्हणाला, त्यासाठी आमच्याकडे व्हिडिओ आहेत. संध्याकाळच्या उजेडाचे व्हिडिओ, झगझगीत पडद्यावर! माणसाला संताप आला तर कुणावर काढावा? क्रेग आपली नोकरी करत होता. मी बाहेर येऊन गाडीच्या टायरला लाथ मारली आणि पाय मुरगळून घेतला.

तो हिवाळाभर मी दर रविवारी काकांकडे जात होतो. काकू पाटवडीचा रस्सा करायच्या, गोळाभात करायच्या, आग्रहानं वाढायच्या आणि वाढता वाढता त्या तक्रार करणाऱ्याचा उद्धार करायच्या. “कोण मेला होता तो? म्हाताऱ्या माणसाच्या पोटावर पाय दिला. आणि पोटाचं जाऊ द्या, जीव रमत होता यांचा तिथं. अहो, सांगा ना कोण होता?” काका पानाकडे बघत म्हणायचे, “होता एक. डोळे चांगले होते त्याचे, वापरत नव्हता.” आणि मी गोळाभातावर फोडणीचं तेल ओतून घ्यायचो. लाज वाटायची, पण पोट भरून जेवायचो. हेही इथं लिहायलाच हवं.

काकांचं बोलणं पूर्वीसारखंच होतं, पण संध्याकाळ झाली की त्यांचं चित्त ठिकाणावर नसे. खिडकीशी जाऊन उभे राहत, खिशातली पट्टी चाचपत. घरात मोजायला डोळे दोघांचेच, आणि ते मोजून झालेले. “दुकानाची वेळ झाली की यांच्या अंगात येतं,” काकू म्हणायच्या. जुनी गिऱ्हाइकं फोन करत. काका प्रत्येकाला एकच विचारत, किती पावलं पळालं? “जागेवर पडलं,” असं उत्तर आलं की डोळे मिटून मान डोलवत. उन्हाळ्यात त्यांनी मला तो साधा, चाळीस मिलिमीटरचा स्कोप घ्यायला लावला आणि रायफलवर न चढवता नुसता हातात घेऊन मागच्या अंगणात रोज संध्याकाळी बसवलं. कुंपणावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर रेघा. “दिसतंय” म्हटलं की रेघा मोजायला लावत. “दिसत नाही” म्हटलं की म्हणत, “शाबास. हे म्हणायला शीक. हे म्हणता आलं की झाला शिकारी.”

सप्टेंबरात, सीझन उघडायच्या दोन महिने आधी, काका झोपेतच गेले. हृदय थांबलं.

मंडळानं लायब्ररीच्या हॉलमध्ये श्रद्धांजली सभा ठेवली. मी शेवटच्या वर्षात त्यांच्याकडे जात होतो हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं. आदल्या दिवशी सेक्रेटरीबाईंचा फोन आला. “छान बोल हं. हेडलाइटवरचं त्यांचं काम, पेटंट वगैरे, ते हायलाइट कर. दुकानाचं मात्र स्किप करू या का? मुलं असतात रे, ऑकवर्ड होतं. काकूंनाही त्रास नको.” काकूंनाही त्रास नको! ज्या माणसाला चार वर्षं पाठीमागे नावं ठेवली, त्याचं काम आता मेल्यावर त्याच्याच नावातून पुसून टाकायचं, आणि वर त्याला काळजी म्हणायचं. मी एवढंच म्हटलं, “बघतो.” फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की दुकान वगळलं तर मीही वगळला जातो. माझ्या किती सोयीचं होतं ते!

हॉल भरला होता. काकू पहिल्या रांगेत, शेजारी त्यांची मुलगी, दुसऱ्या रांगेत मेधा. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “नाफडेकाका हरणांच्या शिकारीचे स्कोप विकत. ज्याला अंधुक उजेडात नीट दिसणार नाही, त्याला ते विकत नसत. त्यांच्या हातून झालेलं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं काम हेच.” मग अंगणातलं जबड्याचं हरीण सांगितलं. ते सांगताना काकू मान डोलवत होत्या. मग दलदलीतली मादी सांगितली, गोळी माझी होती हे सांगितलं. मेधानं मान वर केली. आणि मग म्हणालो, “काकांना ज्या तक्रारीवरून काढलं, ती मी लिहिली होती. नाव, नंबर, सगळं माझं. काकांना ते माहीत होतं. काकूंना नव्हतं. त्यानंतर दहा महिने मी त्यांच्या हातचं जेवलो.”

सेक्रेटरीबाईंनी घाईघाईनं पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. पुढं कोण काय बोललं ते मी ऐकलं नाही. सभा संपल्यावर लोक एकेक करून काकूंपाशी जाऊन नमस्कार करत होते. मीही रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली, मी त्यांच्या पाया पडायला वाकलो.

काकूंनी पाय मागे घेतले. बरोबर केलं त्यांनी.